जर्मनीत 'डिपेंडंट' म्हणून आलोय: नवऱ्याच्या फायलीबाहेर आपलं काय?

रानजाई

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात माझं एक पत्र परत गेलं. श्टुटगार्टजवळच्या गावात राहते, येऊन अडीच वर्षं झाली. इथल्या इंटिग्रेशन कोर्सला बसले होते. त्यात भाषेचे ६०० तास आणि शेवटी 'ओरिएंटेशन'चे १००, म्हणजे राज्यघटना, इतिहास, समाज वगैरे. त्यावर परीक्षा असते, 'लेबेन इन डॉइचलांड'. ३१० प्रश्नांचा साठा, त्यातले ३३ येतात, वेळ एक तास. कोर्सपुरते १५ बरोबर आले तरी पास, नागरिकत्वासाठी १७ लागतात. वर्गातल्या सगळ्यांचे निकाल आले, माझाच नाही. चौकशी केली तर कळलं की पत्र 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' म्हणून परत आलंय.

कारण काय, तर खालच्या पत्रपेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव. माझं पासपोर्टवर माहेरचंच आहे. इथला पोस्टमन घर नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. आता आठवतंय, स्टॉयर-आयडीचं, म्हणजे कर भरायच्या ओळख क्रमांकाचं पत्रही मला कधी आलं नव्हतं. डिपेंडंटना ते देत नसावेत, अशी मी स्वतःचीच समजूत घालून घेतली होती! विम्याचं कार्ड नवऱ्याच्या विम्यातून आलं, व्हिसाचं कार्ड ऑफिसात हातात मिळालं, त्यामुळे कुठं अडलंच नाही.

कोर्समध्ये एक प्रश्न होता. बावीस वर्षांची मुलगी मित्रासोबत राहते, आईबापांना ते पटत नाही, तर ते काय करू शकतात? उत्तर: सज्ञान मुलीचा निर्णय त्यांनी मान्य करायचा. वर्गात सीरियाचे, युक्रेनचे, ब्राझीलचे, सगळे हसले. बाई म्हणाल्या, "नाराज व्हायला कायद्याची बंदी नाही." मी पण हसले. पण घरी येताना डोक्यात तेच. इथला कायदा 'घर' असं काही बघतच नाही. मुलगी वेगळी, आई वेगळी, बाप वेगळा, प्रत्येकाचं खातं निराळं. आणि मी अडीच वर्षं कुणाच्या तरी खात्यात जमा होते.

नवरा चांगला आहे हो, तसलं काही नाही. पण आल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं असं तुमच्याकडे काय काय आहे? हक्क पण लिहा, जबाबदाऱ्या पण लिहा.

खारीबिस्किट

पत्रपेटीला दंडवत. आमच्या बिल्डिंगमध्ये एक तेलुगू कुटुंब आहे, त्यांनी पेटीवर सहा नावं लावलीत, लग्नपत्रिकेसारखी. तेच बरोबर होतं म्हणायचं.

माझ्याकडून थोडं. आधी कार्ड उलटसुलट करून नीट वाचा. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांच्या कार्डावर 'एर्वेर्ब्सटेटिश्काइट एर्लाउब्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे कुठलंही काम करायला मुभा. 'डिपेंडंट' या शब्दावरून आपल्या लोकांना अमेरिकेतल्यासारखी कामाला बंदी असेल असं वाटतं आणि बायका दोन-दोन वर्षं विचारतही नाहीत.

दुसरं, टॅक्स क्लास, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग. नवऱ्याचा ३ आणि बायकोचा ५ करून घ्यायची आपल्याकडे पद्धतच पडलीय, महिन्याला हातात जास्त येतात म्हणून. वर्षाचा एकूण कर तेवढाच राहतो. पण ५ मध्ये बायकोचा हातातला पगार कागदावर लहान दिसतो आणि एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल झाल्यावर आईबापांना मिळणारा भत्ता, त्या हातातल्या पगारावर ठरतं, साधारण ६५ ते ६७ टक्के. आम्हाला हे कळलं तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. मुटरशुट्झ, म्हणजे बाळंतपणाची रजा, सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी वर्ग बदलावा लागतो. म्हणजे बातमी कळायच्या आधीच म्हणा ना. महिन्याला काही शे युरोंना मुकलो. एक्सेल शीट करणारा इंजिनिअर मी!

वसईचा_पावलू

जबाबदाऱ्यांमध्ये माझी भर. गावात नाव नोंदवायचं, आनमेल्डुंग, ते घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. मी वसईचा, आमच्या घरात पाच पिढ्या चर्चच्या बँडमध्ये. छाती फुगवून 'रोमन कॅथलिक' लिहिलं.

पहिल्या पगाराच्या स्लिपवर 'किर्खनस्टॉयर', चर्चचा कर. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. पगाराच्या नव्हे, कराच्या, तरी लागतंच. सरकार पगारातून कापतं आणि चर्चला देतं. बाहेर पडायचं तर सरकारी कार्यालयात जाऊन 'मी चर्च सोडलं' असं लिहून द्यायचं. मग २०१२ च्या इथल्या बिशपांच्या आदेशाप्रमाणे सॅक्रामेंट, म्हणजे चर्चचे संस्कारही बंद. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पैसे वाचवायला ख्रिस्त सोडलास असं मी गावात सांगू काय?" भरतोय.

तुम्हा हिंदू मंडळींना हा कर नाही. पण काही जण गंमत म्हणून त्या रकान्यात काहीबाही लिहितात. नका लिहू.

दोन_पिल्लं

माझा प्रतिसाद लांबेल.

थोरला साडेचार वर्षांचा, कितात, म्हणजे इथल्या बालवाडीत जातो. घरी मराठी, तिकडे जर्मन. एके दिवशी न्यायला गेले तर बाईंनी थांबवलं, पाच मिनिटं बसता का म्हणाल्या. चेहरा गंभीर. म्हणाल्या, तो आज सांगत होता की घरी 'श्लेगे' खायला मिळतात. श्लेगे म्हणजे फटके, ते आम्हाला माहीत आहे. पण तो 'खातो' म्हणतोय, तर हा तुमच्याकडचा काही पदार्थ आहे का?

हसू की रडू! मी घरी म्हणते ना, "आता मार खाशील हां." लेकानं शब्दाला शब्द लावून जर्मन केलं होतं.

पण मग बाईंनी सरळ विचारलं, "आणि तुम्ही मारता का?" मला खोटं बोलता आलं नाही. हातावर एकदोनदा दिलीय, म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त सांगितलं की २००० सालापासून इथल्या नागरी कायद्यात, कलम १६३१ मध्ये, मुलाला हिंसेशिवाय वाढण्याचा हक्क आहे. त्यात शारीरिक शिक्षा तर बसतेच, पण मनाला जखम करणारं वागणंही बसतं. 'घालवून देईन तुला', 'पोलीस येईल' हे आपलं नेहमीचं सुद्धा. एक पत्रक दिलं आणि पालकांसाठीच्या सल्ला केंद्राचा पत्ता दिला, तिथे पैसे पडत नाहीत. मी गेले चार वेळा. त्या बाईंनी कायदा एकदाही काढला नाही, संध्याकाळी साडेपाच ते सात आमच्या घरात काय काय घडतं तेवढंच मिनिटामिनिटानं लिहून आणायला सांगितलं. त्यात कळलं की आमची सगळी भांडणं पोरगा भुकेला असताना होतात. आता कितातून निघताना डब्यात शेंगदाण्याची चिक्की असते.

शिस्तप्रिय

माफ करा, पण मला हे जरा अतीच वाटतं. आम्ही पण बापाच्या हातचा मार खाऊनच मोठे झालो, काही बिघडलं नाही. इथे मुलाला एक चापट मारली तर सरकार पोरं उचलून नेतं म्हणे. बर्लिनमध्ये एका भारतीय जोडप्याचं बाळ सरकारनं ताब्यात घेतलं, ते प्रकरण सगळ्यांनी वाचलंय. मग हक्क कुणाला उरला?

रानजाई

शिस्तप्रिय, त्या प्रकरणावर इथे नको. त्यातलं लेकरू खरंखुरं आहे आणि आपल्यापैकी कुणी फाईल वाचलेली नाही. बाकी मुद्द्यावर जरूर बोला.

जुना_पाहुणा

शिस्तप्रिय, मी ८८ साली आलो, दोन्ही मुलं इथेच वाढली, धाकटी स्वतः समाजकार्यात आहे. तिच्याकडून ऐकलेलं सांगतो.

युगेंडआम्टचं, म्हणजे मुलांच्या कल्याणासाठीच्या सरकारी कार्यालयाचं मुख्य काम मदत देणं. आठवड्यातून काही तास घरी येणारी मदतनीस, सल्ला, असं. मूल ताब्यात घेता येतं, कायद्यात तशी सोय आहे, पण त्यासाठी मुलाला तातडीचा धोका दिसावा लागतो. आणि आईबापांनी विरोध केला की त्यांनी एकतर मूल परत द्यायचं, नाहीतर लगेच कौटुंबिक न्यायालयात जायचं. पुढचं न्यायाधीश ठरवतो. तिथे वकील द्या, दुभाषा मागा. आपली माणसं दोन चुका करतात. एक, घाबरून पत्राला उत्तरच देत नाहीत. दोन, मोडक्या जर्मनमध्ये स्वतःच सगळं समजावून सांगायला जातात आणि 'तो पडला' या साध्या वाक्याची तीन रूपं तीन वेळा सांगतात. कागदावर ती तीन वेगवेगळी कारणं होतात. चुका कार्यालयांकडूनही होतात, मी त्यांचा वकील नाही. पण तोंड लपवून कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.

आणि हे सगळं 'जर्मन संस्कृती' म्हणून आकाशातून पडलेलं नाही. मी डॉर्टमुंडमध्ये ज्या म्हातारीकडे भाडेकरू होतो ती सांगायची, तिच्या लग्नाच्या वेळी कायद्यात लिहिलं होतं की बायकोनं नोकरी करावी ती संसाराच्या कर्तव्यांत बसेल तेवढीच. हे १९७७ पर्यंत! घटना १९४९ ची, तिच्या कलम ३ मध्ये स्त्री-पुरुष समान हे पहिल्या दिवसापासून. तरी कायदा घटनेच्या मागे अठ्ठावीस वर्षं लंगडत आला. लग्नातला बलात्कार १९९७ मध्ये गुन्हा झाला. तेव्हा मी इथेच होतो, कँटीनमध्ये जर्मन सहकारी त्यावर जे बोलत होते ते अगदी आपल्या चावडीवरचं वाटावं असं होतं. 'ते पुढारलेले आणि आपण मागास' असं काही नाही, आपण त्यांच्या वादाच्या शेवटच्या अंकात येऊन बसलोय इतकंच.

नाव_ठेवा

नावांबद्दल कुणीच लिहिलं नाही? मराठी माणसाची इथली पहिली लढाई तीच असते!

आपलं नाव तीन मजली. मी सुप्रिया दत्तात्रय अमुकतमुक. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये सुप्रिया दत्तात्रय. इथे दोन्ही माझी 'फोरनामं', म्हणजे पहिली नावं. दवाखान्यात नर्स हाक मारते, "फ्राउ दत्तात्रय?" वडील पुण्यात बसून खूश.

मुलगी झाल्यावर श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्न नोंदणी कार्यालयात तिचं नाव सांगितलं, मधे नवऱ्याचं नाव. समोरचे गृहस्थ म्हणाले, हे तर पुरुषाचं नाव. पंधरा मिनिटं मी त्यांना महाराष्ट्राची नामव्यवस्था समजावली. शेवटी आम्ही मधलं नाव टाकलंच नाही, पुढे शाळेत तिला कुणी 'महेश' म्हणून हाक मारू नये म्हणून.

पण मंडळी, यात एक आपलाच निकाल आहे. एका जोडप्यानं मुलीचं नाव 'किरण' ठेवलं. कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, दुसरं नाव जोडा. जोडपं घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये कार्ल्सरूहेच्या त्या न्यायालयानं सांगितलं की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा नियम कायद्यात नाही. आपल्याकडे गल्लीत चार किरण असतात, दोन ताई आणि दोन दादा. त्या नावासाठी घटना न्यायालय बसलं!

खारीबिस्किट

"फ्राउ दत्तात्रय"साठी हा धागा वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली.

अनामिका_तात्पुरती

हा आयडी यासाठीच काढलाय.

मला इथे येऊन चौदा महिने झाले होते. घरात काय चालायचं ते लिहीत नाही. एका रात्री शेजारणीनं पोलीस बोलावले. मला वाटलं, आता मला बाहेर जायला सांगतील, कारण घराच्या करारावर नाव त्याचं, व्हिसा त्याच्यामुळे, सगळं त्याचं. पोलिसानं किल्ली त्याच्याकडून घेतली. त्यानं बॅगेत चार कपडे भरले आणि तो गेला. इथे म्हण आहे, 'वेर श्लेग्ट, डेर गेट', हात उचलेल त्यानं घर सोडायचं. पोलीस काही दिवसांपुरतं घराबाहेर काढू शकतात, दिवस राज्याप्रमाणे बदलतात. तेवढ्या वेळात कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला की २००२ च्या हिंसा-संरक्षण कायद्याखाली पुढच्या काळासाठीही घर वापरायला मिळू शकतं. मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंनी विचारलं, तुमच्या स्वतःच्या नावावर काय काय आहे? मी पर्स उघडली. वाचनालयाचं कार्ड होतं.

व्हिसाची भीती सगळ्यात मोठी होती. तो नेहमी म्हणायचा, एक फोन केला की परत जाशील. नियम असा आहे की जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल तर वेगळं झाल्यावर जोडीदाराला स्वतःचा राहण्याचा हक्क मिळतो. माझे तीन झाले नव्हते. पण असह्य परिस्थिती असेल, त्यात घरातली हिंसा येते, तर तीन वर्षांची अट सोडता येते. निवास कायद्याचं कलम ३१. त्यासाठी कागद लागतात: पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचा दाखला, शेजारणीचा जबाब. वकिलासाठी पैसे नव्हते. अम्ट्सगेरिश्टमधून, म्हणजे स्थानिक न्यायालयातून सल्ल्याची चिठ्ठी मिळते, ती नेली की पहिल्या सल्ल्याला वकील फक्त १५ युरो घेतो. खटल्यासाठी वेगळी मदत मिळते.

सासरहून फोन आला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस." माझ्या आईनं पण पहिले दोन दिवस तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, जेवतेस का नीट.

बायकांसाठी फोन ११६ ०१६. चोवीस तास, फुकट, नाव सांगावं लागत नाही, जर्मन येत नसेल तर दुभाषा मिळतो. फोनमध्ये 'पार्लर' म्हणून सेव्ह करून ठेवा. अजून दोन वर्षांनी लागला नाही तर उत्तमच.

दोन_पिल्लं

अनामिका, काय लिहू कळत नाही. जेवतेस का नीट?

अनामिका_तात्पुरती

हो. आता शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी आहे. बटाटे सोलते, पण खाते माझ्या पगारातलं.

कोर्टाची_पायरी

पुण्यातून लिहितोय. कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो आणि परदेशातल्या जोडप्यांची प्रकरणं वाढत चाललीत, म्हणून भारताची बाजू सांगतो. जर्मनीची बाजू तुम्ही लोक जाणता.

तिकडे दोघं राहत असाल तर युरोपच्या नियमाप्रमाणे साधारणपणे राहत्या देशाचा कायदा लागतो, म्हणजे हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं जोडपं जर्मन कायद्यानं घटस्फोट घेऊ शकतं. तिथे चूक कुणाची हे विचारत नाहीत. एक वर्ष वेगळं राहायचं, दोघांची संमती असेल तर घटस्फोट. एकजण अडून बसला तरी तीन वर्षांनी लग्न मोडलं असं न्यायालय धरून चालतं. गोम पुढे आहे. तो निकाल घेऊन माणूस इकडे दुसरं लग्न करायला येतो आणि पहिली बायको म्हणते, मला हे मान्यच नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल: ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातल्या कारणावरच परदेशी घटस्फोट इथे मानला जाईल. अपवाद म्हणजे समोरच्यानं स्वखुशीनं तिकडच्या न्यायालयात हजर राहून ते मान्य केलं असेल तर. 'संसार कायमचा मोडला' हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. सर्वोच्च न्यायालय २०२३ च्या निकालाप्रमाणे घटनेचं कलम १४२ वापरून त्यावर घटस्फोट देऊ शकतं, पण ते सर्वोच्च न्यायालय झालं, शिवाजीनगरचं आमचं कौटुंबिक न्यायालय नव्हे. म्हणून पटत असेल तर दोघांनी इकडे १३-ब खाली संमतीनं अर्ज करणं सगळ्यात सुटसुटीत. सहा महिन्यांची मुदत २०१७ च्या निकालापासून न्यायालय माफ करू शकतं.

मुलांचं. परदेशात नेलेलं मूल परत करण्याबाबतचा १९८० चा हेग करार भारतानं केलेला नाही. याचा अर्थ 'इकडे आणलं की सुटलो' असा लोक लावतात. पण तिकडे लग्नाच्या आईबापांना दोघांना मिळून ताबा असतो, घटस्फोटानंतरही, आणि एकानं दुसऱ्याला अंधारात ठेवून मूल देशाबाहेर नेलं तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. मग ती व्यक्ती तिकडे पाऊल ठेवू शकत नाही आणि मुलाचे आईबाप दोन खंडांत कायमचे अडकतात. साध्या सुट्टीलाही एकट्यानं मूल आणताना दुसऱ्याच्या सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा.

एक विनंती. लग्नाची नोंदणी करून, दाखला हातात घेऊन मग विमानात बसा. गुरुजी, अल्बम, मंगल कार्यालयाची पावती यांनी भागत नाही.

जुना_पाहुणा

वकीलसाहेब, त्या दाखल्याचीही इथे वरात निघते. भारताचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, त्यामुळे कधी कधी दूतावासामार्फत कागदाची पडताळणी करावी लागते. माझ्या भाचीच्या वेळी पडताळणीचा माणूस आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन आला. गावात महिनाभर चर्चा, पोरीनं जर्मनीत काय केलं म्हणून.

आणि इथे हॉल घेऊन सप्तपदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, श्टांडेसआम्टमध्ये सही झाली नाही तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही फक्त चांगलं जेवलात.

शिस्तप्रिय

एक विचारू? बायकोनं नोकरी केली नाही, घर सांभाळलं, तर वेगळं होताना तिला पेन्शनमधलं पण मिळतं म्हणे? आमच्या ऑफिसात एकाचे निम्मे गेले म्हणत होता.

खारीबिस्किट

लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेले पेन्शनचे हक्क निम्मे-निम्मे वाटतात, फेरजोर्गुंग्स-आउसग्लाइश. त्याचे 'गेले' नाहीत, ते निम्मे पहिल्यापासून तिचेच होते. लग्न तीन वर्षांपेक्षा कमी टिकलं असेल तर मात्र कुणी मागितलं तरच. आणि वेगळं राहणं एका घरातही चालतं, पण ताट आणि पलंग वेगळे हवेत. आमच्या वरच्या मजल्यावर एका जोडप्यानं फ्रिजच्या कप्प्यांवर नावं चिकटवली होती.

शिस्तप्रिय

हम्म. हे बायकोला वाचायला देऊ की नको?

नाव_ठेवा

तिनं आधीच वाचलंय असं समजून चाला. हलकेच घ्या.

जुना_पाहुणा

जबाबदाऱ्यांची राहिलेली बारीकसारीक पटकन. रेडिओ-टीव्हीचे महिना १८ युरो ३६ सेंट घरटी, टीव्ही असो नसो. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर नको, इडलीचं पीठ शनिवारी वाटा. शाळा सक्तीची, घरी शिकवणं चालत नाही. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन उडालात तर दंड होऊ शकतो, बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर तपासल्याच्या बातम्या आल्या होत्या. हाफ्टफ्लिश्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, घ्या, वर्षाला फार पडत नाही. सात वर्षांखालचं मूल नुकसानीला जबाबदार नसतं, वाहतुकीत दहापर्यंत. पण शेजाऱ्याच्या गाडीवर ओरखडा पडला की कायदा बाजूला राहतो आणि जिन्यातलं 'गुटेन मॉर्गन' बंद होतं. पॉलिसीत लहान मुलांचा मुद्दा घालून घ्या.

मतदानाचं विचाराल तर सदतीस वर्षं कर भरतोय, नगरपालिकेलाही मत नाही. परकीयांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचा एका राज्याचा प्रयत्न घटना न्यायालयानं १९९० मध्ये रद्द केला, नंतर मिळालं ते युरोपीय देशांच्या लोकांना. कंपनीच्या बेट्रीब्सराटला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या मंडळाला मात्र पासपोर्ट विचारत नाहीत, मत द्या, उभेही राहा. मी दोनदा निवडून आलो. २०२४ च्या जूनपासून जर्मनी म्हणते पाच वर्षांत नागरिक व्हा आणि जुना पासपोर्टही ठेवा. भारत म्हणतो, दुसरा घेतलात की आमचा परत करा. बायकोनं घेतला, परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड काढलं. मी अजून निळ्या पुस्तकावर हात ठेवून बसलोय. का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अनामिका, तुला वेगळा निरोप टाकलाय, वाच.

ताजी खबर. निकाल मिळाला, ३३ पैकी ३१. चुकलेल्या दोनपैकी एक आमच्याच राज्याच्या झेंड्याचा होता, नवरा अजून चिडवतोय. माझ्या नावानं बँकेत खातं काढलं. कार्डावर माझं आणि बाबांचं नाव छापून आडनावाला जागाच उरली नाही, शेवटची तीन अक्षरं गायब. टॅक्स-आयडी पुन्हा मागवलाय, तो पोस्टानंच येणार.

म्हणून पत्रपेटी. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे, म्हणाले, पितळी पट्टी सगळ्यांची सारखी असते, नवीन कोरून यायला तीन आठवडे, तोवर काही चिकटवू नका, नियमात बसत नाही. मी म्हटलं बरं. घरी आले, वहीचं पान कापलं, मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि सेलोटेपनं लावलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर कागद होता तिथेच, पण वाकडा लावला होता तो कुणीतरी सरळ केला होता. वर प्लास्टिकची पारदर्शक पट्टीही चढवली होती, पावसानं शाई जाऊ नये म्हणून.